पॅनोरम: दहा सेंटमध्ये एक गाणं, पण निवड यंत्राची

शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीनं १९४० मध्ये पॅनोरम आणलं. बारमध्ये उभं राहणारं लाकडी कपाट, आत १६ मिमीचा प्रोजेक्टर. चित्र आरशांवरून फिरून पडद्यावर मागून पडतं. दहा सेंटचं नाणं टाकलं की साधारण तीन मिनिटांची एक 'साउंडी', म्हणजे एका गाण्याची छोटी फिल्म. आठ साउंडी एकाच अखंड रिळावर जोडलेल्या असल्यानं क्रमानं येईल तीच बघायची. हवं ते गाणं पाच गाण्यांनंतर असेल, तर आधी पाच नाणी घालवा. ग्राहकाच्या दृष्टीनं हा सर्वांत मोठा दोष.

साउंडीज मात्र अफलातून. गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं आणि सेटवर ते वाजवून कलाकारांनी ओठ हलवायचे, त्यामुळे मायक्रोफोनची अडचण नाही. १९४१ च्या 'एन्ट मिसबिहेविन'मध्ये जॅझ वादक-गायक फॅट्स वॉलर पियानोवर बसून भुवया उडवतो, ते बघाच. मिल्स ब्रदर्स या गायकगटाच्या 'पेपर डॉल'मध्ये अभिनेत्री डॉरोथी डँड्रिज कागदी बाहुली होऊन नाचते. गाण्याच्या ओळीतून दृश्य काढायची म्युझिक व्हिडिओची रीत इथं पुरती तयार आहे.

आज यंत्र घेणार असाल तर आधी रिळाचा मार्ग तपासा. १६ मिमीची बोलकी फिल्म मिनिटाला ३६ फूट पळते, म्हणजे आठ गाण्यांना साडेआठशे फुटांच्या आसपास. अखंड रिळात वेटोळी एकमेकांवर घासत सरकतात. धूळ असली की उभे ओरखडे पडतात, फिल्म आखडलेली असली की ती अडकते आणि कडेची भोकं फाटतात. जुनी मूळ प्रिंट त्यात चालवूच नये, नवी प्रत काढून घ्यावी. आरशांवर पुटं चढली की चित्र मंद होतं; दिवा बदलण्याआधी आरसे बघा.

सुट्या प्रिंट घेणाऱ्यांसाठी: आरशांच्या हिशेबानं त्या उलट छापलेल्या असतात. साध्या प्रोजेक्टरवर पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसतात आणि वादक डावखुरे वाटतात. फिल्म पलटून लावायला जाऊ नका, भोकं आणि ध्वनिपट्टी दोन्ही चुकीच्या कडेला जातात. अर्धपारदर्शक पडद्यावर मागून प्रक्षेपण करा, किंवा डिजिटल प्रत काढून चित्र आडवं उलटवा.

१९६० च्या फ्रेंच स्कोपिटोनमध्ये, म्हणजे नाणं टाकून गाणी बघायच्या अशाच यंत्रात, ३६ फिल्मांतून निवड करता येते, रंग आहेत, आवाज चुंबकीय पट्टीवर आहे. वापरायला तेच सोयीचं. संग्रहासाठी मात्र माझं मत साउंडीजच्या चांगल्या प्रिंटना. यंत्र नंतर घेतलं तरी चालेल.