आरडीएस अ‍ॅनालिस्ट: कूपनांच्या साखळीचा हिशेब मांडणारं मोफत सॉफ्टवेअर

एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात एमएसएम, म्हणजे पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष, यांच्या सर्व्हेचा डेटा माझ्याकडे असतो. या लोकांची यादी कुठेच नसते, मग मतदारयादीतून नावं उचलावीत तसा नमुना काढणार कसा? म्हणून ओळखीतून ओळख. सुरुवातीचे पाच-सहा जण आम्ही निवडतो, प्रत्येकाला तीन कूपनं देतो. ती घेऊन जे येतात, त्यांनाही तीन-तीन. डग्लस हेकेथॉर्न यांनी 1997 मध्ये मांडलेली ही पद्धत, आरडीएस (रिस्पॉन्डंट-ड्रिव्हन सॅम्पलिंग).

पण ज्याच्या ओळखी जास्त, त्याच्या हाती कूपन पडण्याची शक्यताही जास्त. आलेल्यांपैकी कंडोम वापरणारे नुसते मोजले, तर ती टक्केवारी मोठ्या गोतावळ्यातल्यांकडे झुकते. खोली भाड्याने घेऊन कुणाशी न बोलता राहणारा पोरगा त्यात दिसतच नाही. त्याचं वजन वाढवून हिशेब करायचा, त्यासाठी हे सॉफ्टवेअर.

मार्क हँडकॉक, इयन फेलोज आणि क्रिस्टा गाइल यांनी ते बनवलंय. आतून 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेवर चालतं, पण कोड लिहावा लागत नाही. कूपन नंबरांचे कॉलम दाखवले की कुणी कुणाला आणलं ते आपोआप जुळतं आणि झाडाचं चित्र समोर येतं. आमच्या चित्रात एकाच माणसापासून सात फेऱ्या खाली गेल्या होत्या, दोघांकडून एकही फांदी फुटली नव्हती. फिल्डवरच्या पोरांना ते दाखवलं तेव्हा पहिल्यांदा त्यांना आपलं काम दिसलं.

एक प्रसंग सांगते. वोल्झ-हेकेथॉर्न पद्धतीत वजन ओळखींच्या व्यस्त प्रमाणात असतं. ओळखी '1' सांगणारा एकटा माणूस '50' सांगणाऱ्या पन्नास जणांइतका भरतो. आमची टक्केवारी अचानक हलली म्हणून फॉर्म काढला, तर एकाने फक्त कूपन देणाऱ्यालाच मोजलेलं. प्रश्नच मोघम होता. आता आम्ही विचारतो: याच शहरातले, 18 वर्षांवरचे, तुम्ही ज्यांना ओळखता आणि जे तुम्हाला ओळखतात, त्यांपैकी गेल्या 30 दिवसांत किती जण भेटले?

शहर लहान असेल तर गाइल यांची पद्धत निवडा. तिला एकूण लोकसंख्येचा अंदाज द्यावा लागतो. मी 1500, 3000 आणि 5000 असे तिन्ही आकडे घालून बघते. उत्तर फारसं हललं नाही तरच अहवालात घेते. 95% विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असावा ती टोकं, बऱ्याचदा रुंद येतात. निधी देणाऱ्यांना एकच आकडा हवा असतो, पण ही रुंदी लपवू नये असं माझं ठाम मत आहे.

मेनू इंग्रजीत आहे, नव्या माणसाला शेजारी बसून शिकवावं लागतं. टीआय (टार्गेटेड इंटरव्हेन्शन, जोखमीच्या गटांसाठीचा एचआयव्ही प्रतिबंध) प्रकल्पात डेटा बघणाऱ्या प्रत्येकाने हे घ्यावं. फक्त कूपन रजिस्टर रोज संध्याकाळी तपासा; एक आकडा चुकला की अख्खी फांदी भलत्याच झाडाला लागते.