पोस्टकार्डावरचे सहा चौकोन

फोंड्याला फ्लॅट घेतला तेव्हा हॉलमधली एक भिंत मी मुद्दाम मोकळी ठेवली होती. तिथे पत्रं लावायची, हे आधीपासून ठरलेलं. माझे बाबा आम्हाला रात्री ‘सुंदर पत्रे’ वाचून दाखवायचे, साने गुरुजींनी पुतणीला, सुधाला लिहिलेली. ऐकूनच मी मोठी झाले, म्हणून गुरुजींचं अक्षर एकदा तरी रोज नजरेसमोर असावं असं फार वाटायचं.

इन्स्टाग्रामवर एक पान सापडलं. जुन्या साहित्यिकांच्या पत्रांच्या हुबेहूब प्रतिकृती, कॉटन पेपर, सागवानी फ्रेम, शंभर वर्षं रंग उडणार नाही वगैरे. पान चालवणारा माणूस फोनवर अगदी अदबीने बोलायचा, ‘ताई’ म्हणायचा. गुरुजींचं पोस्टकार्ड दोन्ही बाजूंनी दिसेल अशा फ्रेममध्ये होतं. मुलीसाठी इंग्रजी कवी कीट्सचं एक पत्र घेतलं. मग मी सहज विचारलं, आमच्या बाकीबाबांचं, म्हणजे बा. भ. बोरकरांचं काही मिळेल का? दोन तासांत फोटो आला. मला केवढा आनंद झाला! आज तोच क्षण सगळ्यात जास्त टोचतो. गोव्यातल्या माणसाने गोव्याच्या कवीचं नाव घ्यायचा अवकाश, की दोन तासांत पत्र हजर. कुठून आलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

तिन्हींचे मिळून १६,५०० रुपये, सगळे आगाऊ, यूपीआयने. बिल ‘पार्सलमध्ये येईल’ म्हणाला. आलं नाही.

मे महिन्यात फ्रेमा लागल्या. येणारा-जाणारा भिंतीपुढे थांबायचा. माझी भाची आठवीत आहे. तिने गुरुजींच्या कार्डावरचं एक वाक्य उतरवून घेतलं, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत गुरुजींचं म्हणून सांगितलं आणि दुसरा नंबर आणला. ते वाक्य मी इथे लिहीत नाही. आधीच पुरेसं पसरलंय.

चवथीला मामा आले. मामांची सगळी नोकरी पोस्टात गेली. गणपतीवरची माटोळी बघून झाली, नेवऱ्या झाल्या, आणि चहाचा कप हातात घेऊन ते त्या फ्रेमपुढे बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “बाय, हो पिनकोड गुरुजींक खंयसून मेळ्ळो?” म्हणजे, हा पिनकोड गुरुजींना कुठून मिळाला?

पत्त्याच्या खाली सहा छोटे चौकोन छापलेले होते. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. गुरुजी गेले ११ जून १९५० ला. चार महिने मी रोज ते चौकोन बघत होते.

त्या रात्री बाबांचं भिंग काढलं. गुरुजींच्या कार्डावर सात ‘ळ’ होते. सातही अगदी एकसारखे, शेपूट त्याच जागी वळलेली. हाताने लिहिणाऱ्याचे दोन ‘ळ’ कधी तंतोतंत जुळत नाहीत, हा कॉम्प्युटरवरचा फॉन्ट होता. मग बाकीबाबांच्या पत्रावर भिंग धरलं, आणि तिथेही तोच ‘ळ’. दोन वेगळ्या माणसांची अक्षरं एकाच साच्यातून काढलेली. शाईचा जुना डागही दोन्हींवर एकच, उजव्या कोपऱ्यात, दुसऱ्या ओळीखाली. मला त्या रात्री झोप लागली नाही. पैशांचं दुःख होतंच, पण जी वाक्यं त्या दोघांनी कधी लिहिलीच नाहीत ती मी त्यांच्या नावाने घरात लावली होती आणि एका मुलीच्या तोंडी घातली होती.

कीट्सचं पत्र तेवढं खऱ्या पत्रावरून घेतलेलं निघालं, पण इंटरनेटवरचं लहान चित्र ताणून मोठं केलेलं, अक्षरांच्या कडा फुटलेल्या. कीट्सची बरीच पत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयात आहेत. खरी प्रतिकृती विकणारा हे असंच सांगतो: मूळ कागद अमुक संस्थेत, अमुक नोंद, छायाचित्र त्यांच्याकडून घेतलेलं. बोरकर १९८४ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे कोणाची परवानगी घेतली हेही विचारायलाच हवं होतं. आणि छापील पुस्तकात ते पत्र आहे का, हे ताडून बघायला हवं होतं. ‘सुंदर पत्रे’ तर माझ्या कपाटात होतं!

कॉटन पेपरही खोटाच. काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची पट्टी नव्हती, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात कागद काचेला चिकटला आणि निळी शाई पसरली. मागे पातळ प्लाय, त्यावर बुरशी.

सायबर हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. ताबडतोब कळवलं तर रक्कम वाटेत अडवता येते, मला चार महिने झाले होते. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, पहिला प्रश्न बिलाचा आला. माझ्याकडे फक्त चॅट होतं, आणि तेही त्याने त्याच्या बाजूने पुसलेलं. तुम्ही निदान स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, पैसे देण्याआधीच.

भाचीच्या बाईंना मी स्वतः भेटले आणि ते वाक्य गुरुजींचं नाही हे सांगितलं. बाईंनी वर्गात खुलासा केला. भाची दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ते पान आता बंद आहे. गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाचं एक पान मुलीने दाखवलं. तिथे वेगळ्याच लेखकाचं पत्र विकायला आहे, फ्रेमही वेगळी आहे. फोटो मोठा करून बघितला. डाग तोच, उजव्या कोपऱ्यात, दुसऱ्या ओळीखाली.