केबिनच्या इन्सुलेशनमध्ये झालेली फसवणूक: सीटचे बोल्ट पाहूनही मी गप्प राहिलो

माझ्या जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये थंडीच्या दिवसांत पायाशी इतका गार वारा लागतो की दोन तासांत बोटे बधिर होतात, आणि वेग वाढला की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावे लागते. म्हणून केबिनला आतून थंडी आणि आवाज रोखणारे थर बसवून घेण्याचे काम मी एका कारागिराला दिले आणि ठरलेल्या रकमेपैकी 70 टक्के आगाऊ मोजले. अशी कामे कशी फसतात हे तुम्हालाही ठाऊक असेल. मलाही ठाऊक होते, याचाच मला अधिक संताप येतो.

मी अडाणीपणाने फसलो नाही, हे मला स्पष्ट सांगायचे आहे. त्या माणसाने सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरी होती. पत्र्याला आतून चिकटवायची जड डॅम्पिंग शीट फक्त पत्र्याची थरथर मारते, ती थंडी अडवत नाही, आणि सपाट पत्र्याचा साधारण चतुर्थांश भाग झाकला तरी बराच फरक पडतो. थंडीसाठी पाणी न शोषणारा, बंद पेशींचा फोम लागतो. रस्त्याचा आणि इंजिनाचा आवाज अडवायला त्यावर जड विनाइलचा सलग थर हवा, हे त्याने मला नीट समजावले. इतके नेमके बोलणारा माणूस कामही तसेच करील, असे कोणालाही वाटले असते.

बिलात 50 बाय 80 सेंटिमीटरच्या, 2 मिलिमीटर जाडीच्या 24 ब्यूटाइल रबराच्या डॅम्पिंग शीट होत्या, 10 मिलिमीटर जाडीचा 9 चौरस मीटर फोम होता, आणि तळासाठी व फायरवॉलसाठी (इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत) 4 चौरस मीटर विनाइल, दर चौरस मीटरला 5 किलो वजनाचे. म्हणजे नुसते विनाइलच 20 किलो भरायला हवे होते. माल बसवण्यापूर्वी तो तुमच्यासमोर वजनकाट्यावर ठेवायला लावा; मी लावला नाही.

ताबा घ्यायला गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्याने दारावर टिचकी मारून दाखवली, आधी डब्यासारखा वाजणारा पत्रा आता दबका वाजला, आणि मी समाधानाने मान हलवली. त्यानंतर मी आत वाकलो आणि चालकाच्या सीटचे चारही बोल्ट मला दिसले. त्यांच्यावर जुना गंज आणि वर्षानुवर्षांची घट्ट बसलेली धूळ जशीच्या तशी होती. पान्याचा एक ओरखडाही नव्हता. सीट काढल्याशिवाय तळावरचे मॅटिंग, म्हणजे जाड आच्छादन, उचलता येत नाही, आणि मॅटिंग उचलल्याशिवाय तळाला काहीही चिकटवता येत नाही. हे मला कळत होते. माझी नजर त्या बोल्टवर थांबली होती, तोंडाशी प्रश्नही आला होता. पण तो माणूस शेजारी उभा होता, दिवसभराच्या कष्टाबद्दल बोलत होता, आणि त्याच्यावर संशय घेणे मला असभ्य वाटले. मी उरलेले 30 टक्के दिले आणि काम समाधानकारक असल्याच्या कागदावर सही केली. त्या क्षणाची आठवण झाली की आजही मला लाज वाटते.

उन्हाळ्यात केबिनमध्ये डांबराचा वास येऊ लागला आणि दाराच्या खालच्या कडेतून काळे ओघळ उतरले. पावसाळ्यात मॅटिंगखालून कुबट वास सुरू झाला, तेव्हा मी स्वतः सगळे उघडले. शीट एकूण 7 निघाल्या, त्यांपैकी 5 डांबरी, आणि बहुतेक नेमक्या टिचकी मारायच्या जागी. फोम सामान बांधायला वापरतात तसला, 3 मिलिमीटरचा. विनाइल कुठेच नव्हते; सीटच्या पुढे, मॅटिंगची कड उचलून हात पोहोचेल तेवढ्या जागेत चिंध्यांचा फेल्ट कोंबला होता, तो पाण्याने गच्च भिजला होता आणि त्याखालचा पत्रा गंजाने सोलत होता. केबिनमध्ये पाणी धरून ठेवणारा कोणताही थर घालू देऊ नका.

तक्रार करायला गेलो तर पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगून अर्जही ठेवून घेतला नाही. ग्राहक तक्रारींच्या कार्यालयात मी 4 वेळा गेलो. पहिल्या वेळी मूळ बिल मागितले, दुसऱ्या वेळी तज्ज्ञाचा अहवाल, तिसऱ्या वेळी संबंधित अधिकारी रजेवर होते, आणि चौथ्या वेळी मला विचारण्यात आले की थर मी स्वतःच काढले, तर आत आधी काय होते हे सिद्ध कसे करणार? गंजणारा पत्रा तसाच ठेवून अहवालाची वाट पाहायची होती का? भिजलेला फेल्ट आणि त्या 7 शीट मी पिशवीत भरून नेल्या होत्या; त्या कोणी उघडूनही पाहिल्या नाहीत. माझी सही मात्र प्रत्येकाने बारकाईने वाचली. काही उघडण्यापूर्वी, तारीख दिसेल असे फोटो काढा, आणि कामाच्या प्रत्येक थराचा फोटो मिळाल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

आता सीट बाहेर काढून मी गंज खरवडतो आहे. हे करताना फायरवॉलमध्ये वायरिंगची तीन भोके उघडी सापडली आणि गिअर लिव्हरचे रबर फाटलेले दिसले. भोकांत वायरभोवती बसणाऱ्या रबरी कड्या (ग्रोमेट) बसवल्या, लिव्हरचे रबर बदलले, आणि पायाशी येणारा वारा जवळजवळ थांबला. ती भोके त्या माणसाच्या हाताखालीच होती.