पोयटा म्हणून आमचीच माती आम्हाला विकली

सांगलीच्या विश्रामबाग, कुपवाड, मिरज भागात कुणी "वेल मुळासकट काढून, नवीन पोयटा (नदीकाठची गाळाची माती) भरून, झाडं लावून देतो" असं पॅकेज घेऊन दारात आलं, तर हे वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

आमच्या परसात आइस्क्रीम वेल माजली होती. बदामाच्या आकाराची पानं, गुलाबी तुरे, मूळची मेक्सिकोची. मधमाश्यांची लाडकी, पण कंपाउंड, पेरू, पाण्याची टाकी, काही म्हणून सोडलं नव्हतं. हिचा जीव जमिनीखालच्या रताळ्यासारख्या गाठींत असतो. वरून कितीही छाटा, वळवाच्या पहिल्या सरीला कोंब हजर.

हे त्या माणसाला चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच त्याचं बोलणं पटलं. "काकू, कोयत्यानं छाटून उपयोग नाही ओ. दीड फूट माती गाठींसकट काढायची, लांब नेऊन टाकायची, वर नवीन पोयटा. परत नाव घेणार नाही." उपाय खरा तोच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर "2 ब्रास पोयटा, वाहतुकीसह" असं त्यानं लिहून पाठवलं, आणि निम्मे पैसे आगाऊ गेले.

आधी त्यानं बिनलेबलच्या कॅनमधून औषध मारलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पानं करपली. "बघा, मुळापर्यंत गेलं!" इथंच पाणी मुरत होतं. मुळापर्यंत उतरणारं ग्लायफोसेट हे तणनाशक हळू काम करतं, पानं पिवळी पडायला आठवडाभर तरी जातो. एका दिवसात पान भाजतं ते पॅराक्वाटसारख्या औषधानं, आणि ते गाठीपर्यंत पोचतच नाही. वर ते पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. लहान मुलं असलेल्या घरात असला कॅन येऊ देणं म्हणजे कमालच. ग्लायफोसेटचा वापरही केंद्राच्या ऑक्टोबर 2022 च्या अधिसूचनेनं पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता ठेवलाय, तेव्हा औषध मारणाऱ्याकडे सरळ परवाना मागा.

मग माती ट्रॉलीत भरून गेली. दुसऱ्या दिवशी अंधार पडताना "पोयटा" आला. भुसभुशीत, वर शेणखत भुरभुरलेलं. उरलेले पैसे घेऊन स्वारी गेली.

मोगऱ्यासाठी खड्डा घेताना कुदळीला काहीतरी खटकन लागलं. निळ्या टाइलचा तुकडा, कोपऱ्यात पांढरं फूल. आमच्या जुन्या न्हाणीची टाइल! न्हाणी पाडली तेव्हाचा राडारोडा परसातच गाडला होता. मग कपड्यांचा एक चिमटा निघाला. आणि मग गाठी, फावड्यानं अर्ध्या कापलेल्या, कडेला लालसर कोंब फुटलेल्या. नदीकाठच्या पोयट्यात आमची न्हाणी कुठून येणार? शेजारच्या वहिनींनी उलगडा केला. ट्रॉली कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटातच रिकामी झाली होती. तिथंच ढेकळं फोडली, शेणखत कालवलं आणि परत भरली. म्हणजे आमचीच माती एक रात्र बाहेर मुक्काम करून, आमच्याच पैशानं घरी आली.

मापातही मारलं होतं, ते वेगळंच. ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉली 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि माती दीड फूट, तर 90 घनफूटच होतात. "एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास" हे कुणी कितीही ठासून सांगू दे, टेप लावा.

माती कुठं टाकणार ते विचारा आणि गाडीवर घरचं माणूस पाठवा. नवी माती दिवसाउजेडी उतरवून घ्या, दोन-चार पाट्या ताडपत्रीवर पसरून बघा. खऱ्या पोयट्यातूनसुद्धा लव्हाळा आणि हरळीसारखी तणं फुकटात येतात. झाडं लगेच लावू नका. वाफा भिजवून दोन-तीन आठवडे मोकळा ठेवा, कोंब दिसला तर गाठ खणून काढा आणि शेवटचा हप्ता तोवर रोखून धरा. निघालेल्या गाठी कंपोस्टमध्ये तर मुळीच नकोत. कडक वाळवून जाळा.

त्याचा फोन आता लागत नाही. पावती दिली नव्हती, पण व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज आणि पैसे पाठवल्याची नोंद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवलीय. तिथं काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. टाइल, चिमटा, कोंब आलेल्या गाठी, सगळ्याचे तारखेसह फोटो काढून ठेवलेत.