टर्मिनलवरून लोगो काढायचा तर इमेजमॅजिक, इंकस्केप की टायप्स्ट?

छोट्या ओपन सोर्स प्रोजेक्टला लोगो म्हणजे काय, एक चौकोन, त्यात एखादं अक्षर, खाली नाव. त्याच्यासाठी माउस घेऊन बसायला कुणाला वेळ आहे, आणि उद्या रंग बदलला की परत सगळ्या साइज एक्सपोर्ट करत बसा. म्हणून कमांड लाइन, म्हणजे टर्मिनलमध्ये हुकूम टाइप करून काम. एक स्क्रिप्ट रेपोमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, ठेवायची, चालवली की लोगो तयार.

माझं प्रोजेक्ट आपल्या सीमाभागातल्या गावांच्या नावांचं आहे, मराठीत लिहितात निपाणी आणि कन्नडमध्ये निप्पाणी, मराठीत चिकोडी तर कन्नडमध्ये चिक्कोडी, अशा जोड्या जुळवायच्या. त्यामुळं लोगोत दोन्ही लिप्या हव्यातच, देवनागरी 'नि' आणि त्याच्या शेजारी कन्नड 'नि', आणि दोन्ही एकाच मापाचे, एक मोठं एक लहान केलं तर आपल्याकडं काय होतं ते बेळगावच्या माणसाला सांगायला नको. तुमच्या प्रोजेक्टचं नाव इंग्रजीत असेल तर खालचं निम्मं तुम्हाला लागू नाही, तिन्हीतलं कुठलंही घ्या.

फिगलेट आधीच बाजूला काढतो. १९९१ पासूनचं आहे, टर्मिनलमध्ये मोठ्या अक्षरांचा बॅनर मस्त देतं, पण तो लोगो नव्हे आणि मराठीचा तर विषयच नाही.

चित्रांवर काम करणारं इमेजमॅजिक बऱ्याच जणांकडं असतं. एका ओळीत रंगीत चौकोन, मधोमध अक्षर, पीएनजी हातात, स्पीडला तोड नाही. एसव्हीजी मागितलं तर मात्र खरं व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणारं रेषांचं चित्र, देत नाही, कारण मूळ काम पिक्सेलचं. पण माझं बिनसलं ते यावरून नाही, वेलांटीवरून बिनसलं.

झालंय असं की देवनागरीत 'नि' टाइप करताना आधी न आणि मग वेलांटी, दिसताना मात्र वेलांटी आधी. ही उलटापालट करायला शेपिंगची, म्हणजे अक्षरं लिपीप्रमाणं जुळवून मांडणारी, लायब्ररी लागते, इमेजमॅजिकमध्ये ते काम रॅक्म करतं, आणि ते प्रत्येक बिल्डमध्ये, म्हणजे इमेजमॅजिकच्या प्रत्येक तयार प्रतीत, असेलच असं नाही. नसेल तर एरर नाही, वॉर्निंग नाही, गपचूप न आधी आणि वेलांटी नंतर काढून मोकळं होतं. कन्नड बाजूला तर आणखी वाईट, निप्पाणीतला दुसरा प खाली ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षराचा खालचा भाग, म्हणून बसायला पाहिजे तो शेजारी येऊन उभा राहतो. म्हणजे माझ्या लॅपटॉपवर लोगो चकाचक आणि तीच स्क्रिप्ट दुसऱ्या मशीनवर चालवली की निपाणीची पार वाट. स्क्रिप्ट तर यशस्वी म्हणून हिरवी टिक दाखवते, आणि ज्याला लिपी वाचता येत नाही त्याला चुकलंय हे कळणार पण नाही. गावांची नावं नीट लिहा म्हणणाऱ्या प्रोजेक्टच्या लोगोतच नाव चुकलेलं, बघा की. व्हर्जनची कमांड मारली की डेलिगेटच्या, म्हणजे जोडलेल्या लायब्रऱ्यांच्या, यादीत रॅक्म दिसतं का ते बघता येतं, पँगो या मजकूर मांडणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीवाटे अक्षरं काढायची वाट पण आहे, पण ती सोयसुद्धा त्या बिल्डमध्ये पाहिजे. दर मशीनवर आधी यादी तपासायची म्हणजे स्क्रिप्ट कशाला केली मग?

इंकस्केप इथं पक्कं आहे. टर्मिनलवरून विंडो न उघडता चालतं, आत पँगो असल्यानं दोन्ही लिप्या बरोबर, आणि टेक्स्ट-टू-पाथ हा पर्याय दिला की अक्षरांचे आकार होतात, मग समोरच्याकडं फॉन्ट असो नसो. हे महत्त्वाचं आहे, कारण रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या पानावर, एसव्हीजी चित्र म्हणून लावलं की ते बाहेरून फॉन्ट ओढू शकत नाही. तक्रार एवढीच की सामान जड. एका चौकोनासाठी अख्खं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवायचं, आणि खानापूरच्या पलीकडं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसून इन्स्टॉल करायचं असेल तर चहा दोनदा होतो. शिवाय २०२० मध्ये १.० आलं तेव्हा एक्सपोर्टचे पर्याय बदलले, जुन्या टिपा कॉपी केल्या तर चालत नाहीत.

टायप्स्ट खरं तर डॉक्युमेंट टाइपसेट करायचं टूल, २०२३ मध्ये ओपन सोर्स झालं, लोगोसाठी कुणी सुचवत नाही. पण पानाची रुंदी-उंची ऑटो केली की पान म्हणजेच लोगो. एकच फाइल डाउनलोड करून पाथमध्ये, म्हणजे टर्मिनल प्रोग्रॅम शोधतं त्या फोल्डरमध्ये, टाकायची. शेपिंग आतच आहे, त्यामुळं वेलांटी इथं बरोबर आणि तिथं चूक हा प्रकार नाही, एसव्हीजीत अक्षरं आकार म्हणूनच जातात. फॉन्ट रेपोतल्या फोल्डरमधून घे आणि सिस्टिमच्या फॉन्टकडं बघू नको, असं पण सांगता येतं. मी देवनागरीला बालू २ आणि कन्नडला बालू तम्मा २ घेतलेत, एकाच घराण्यातले असल्यानं जाडी जुळते आणि लायसन्स ओएफएल हे फॉन्टचं खुलं लायसन्स, म्हणजे रेपोत ठेवायला हरकत नाही.

खोड्या यातही आहेत. अक्षराची उंची मोजताना डीफॉल्टला वरचा-खालचा भाग धरत नाही, मग वेलांटीचा टोप आणि खालचं ओत्तक्षर पानाबाहेर कापलं जातं, त्याला टॉप-एज आणि बॉटम-एज दोन्ही 'बाउंड्स' करावं लागतं. व्हेरिएबल फॉन्टशी, म्हणजे एकाच फाइलीत सगळ्या जाड्या असलेल्या फॉन्टशी, मी वापरलेल्या व्हर्जनचं जमत नव्हतं, फॉन्टच्या झिपमधल्या स्टॅटिक फोल्डरमधल्या फाइली घ्या. पण हे एकदा केलं की संपलं, मशीन बदललं म्हणून परत उगवत नाही, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

अर्थात तुमचा लोगो म्हणजे पक्षी, डोंगर, वळणदार काहीतरी असेल तर टायप्स्टमध्ये वक्र रेषा आकड्यांनी लिहीत बसण्यात अर्थ नाही, सरळ इंकस्केपमध्ये काढा आणि एक्सपोर्ट तेवढं टर्मिनलवरून करा. आणि इमेजमॅजिक मी पण काढून टाकलेलं नाही, टायप्स्टनं दिलेल्या पीएनजीवरून १६, ३२ आणि ४८ पिक्सेलचा फेविकॉन, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवरचं छोटं चित्र, एकाच फाइलीत बांधायला आणि गिटहबच्या सोशल प्रिव्ह्यूसाठी, म्हणजे लिंक शेअर केली की दिसणाऱ्या चित्रासाठी, १२८० बाय ६४० च्या कोऱ्या पाटीवर लोगो मध्ये बसवायला तेच वापरतो, तिथं त्याला अक्षर काढायचंच नसतं.