‘इंजिनाला हात लावू नका’ असे सांगणारा माणूस

मला ज्या माणसाने फसवले, त्याने पहिल्या दिवशी माझ्याकडे एक पैसाही मागितला नाही. त्याने फक्त एक सल्ला दिला. त्या सल्ल्यापायी माझे इंजिन गेले आणि विम्याचा क्लेमही जाता जाता राहिला. बोटीचा विमा उतरवलेल्या कोणावरही अशी वेळ येऊ शकते, म्हणून घडले ते माझ्या चुकांसकट लिहीत आहे.

बोट माझी स्वतःची आहे. तिच्यात चार सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. ते जुने होते, पण त्याची देखभाल कधी चुकलेली नव्हती. एका संध्याकाळी परत येताना पाण्याखाली दडलेल्या ओंडक्यावर बोटीचा तळ आदळला. धक्का फार मोठा वाटला नाही. मात्र इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी जिथून आत घेतात तिथल्या व्हॉल्व्हची, म्हणजे सी-कॉकची, मान त्या धक्क्याने तुटली होती, आणि माझ्या लक्षात येईपर्यंत इंजिनाच्या खोलीत गुडघाभर पाणी चढले होते. बोटीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणारा बिल्ज पंप चालू होता, पण पाणी त्याला आवरत नव्हते. पाणी हवेच्या फिल्टरपर्यंत पोहोचण्याआधी मी इंजिन बंद केले, भोकात लाकडी गुल्ली ठोकली आणि दुसऱ्या बोटीच्या मदतीने किनारा गाठला. इंजिन मी स्वतः आणि वेळेवर बंद केले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सगळे प्रकरण तिच्याभोवती फिरले.

त्याच रात्री विमा कंपनीला फोन करून घटना कळवली. क्लेमचा क्रमांक मिळाला आणि नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर दोन-तीन दिवसांत येतील असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पाण्याबाहेर काढली. माझा नेहमीचा मिस्त्री गोड्या पाण्याची नळी आणि डिझेलचे दोन कॅन घेऊन तयार होता. त्याने डिपस्टिक, म्हणजे इंजिनातले तेल मोजायची पट्टी, ओढून मला दाखवली. तिच्यावर तेलाऐवजी राखाडी, दुधाळ असे काहीतरी चिकटले होते. तेवढ्यात हातात फाइल, गळ्यात कॅमेरा आणि अंगात चकाकत्या पट्ट्यांचे जाकीट असलेला एक गृहस्थ शिडीवरून वर आला आणि म्हणाला, ‘‘साहेब, मी क्लेमचे काम पाहतो. सर्व्हे होण्याआधी इंजिनाला हात लावलात, तर क्लेम गेला म्हणून समजा.’’

‘‘पण मीठ थांबायचे नाही हो,’’ मिस्त्री म्हणाला. मी मात्र त्यालाच थांबवले.

‘मी सर्व्हेअर आहे’ असे तो माणूस एकदाही म्हणाला नाही, हे मला फार उशिरा उमगले. ‘क्लेमचे काम पाहतो’ या शब्दांवरून मीच तो अर्थ काढला, आणि मी तो काढावा अशी त्याने सोय करून ठेवली होती. सर्व्हेअर कंपनी नेमते, त्याच्याकडे नेमणुकीचे पत्र असते आणि त्या पत्रावर आपल्या क्लेमचा क्रमांक असतो. पॉलिसीवर छापलेल्या नंबरावर एक फोन केला असता तरी उलगडा झाला असता. (समोरच्याने दिलेल्या नंबरावर फोन करण्यात अर्थ नसतो, हे वेगळे सांगायला नको.)

आता तो सल्ला किती घातक होता ते सांगतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी इंजिनात शिरले आणि इंजिन पाण्यात असेपर्यंत आत हवा कमी राहिली, तर गंज त्या मानाने सावकाश धरतो. एकदा ते पाण्याबाहेर आले, की ओलसर मीठ आणि मोकळी हवा एकत्र येतात आणि लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर), बेअरिंगे, इंजेक्टर व फ्युएल पंपाचे घासूनपुसून बसवलेले भाग काही तासांत खराब होऊ लागतात. म्हणून जाणता मिस्त्री आधी तेल काढून टाकतो, इंजिन गोड्या पाण्याने धुतो, इंजेक्टर काढून शाफ्ट हाताने फिरवतो, सिलिंडरमधले पाणी बाहेर पाडतो आणि मग आत डिझेल किंवा हलके तेल भरून गंजाला अटकाव करतो. स्टार्टर मारून ‘बघू या फिरते का’ असे तो कधीच करत नाही, कारण पाणी दाबले जात नाही आणि सिलिंडरात पाणी असताना पिस्टन वर रेटला की त्याला शाफ्टशी जोडणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. हे सगळे करणे म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ नव्हे. उलट नुकसान वाढू न देणे हे विमेदाराचे कर्तव्यच आहे. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्याच्या ७८ व्या कलमात ते स्पष्ट लिहिलेले आहे आणि त्याच नमुन्यावर बेतलेल्या भारताच्या १९६३ च्या कायद्यातही तेच तत्त्व आहे. आधी चारही बाजूंनी फोटो काढावेत, इंजिनावर कोरलेल्या क्रमांकाचा फोटो घ्यावा, काढलेल्या तेलाचा नमुना बाटलीत भरून त्यावर तारीख घालावी, कंपनीला दोन ओळी लेखी कळवाव्यात आणि ताबडतोब धुवायला घ्यावे. धुणे आणि खोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुटे भाग मात्र सर्व्हेअर येईपर्यंत खोलू नयेत.

त्या माणसाने नेमके उलटे करवले. जे तातडीने करायचे ते त्याने थांबवले, आणि जे थांबवायचे ते तातडीने केले. दुसऱ्या भेटीत तो तीन कागद घेऊन आला. पहिल्या कागदाने मी त्याला माझ्या वतीने कंपनीशी बोलण्याचा अधिकार देत होतो. दुसरा एका ठरावीक वर्कशॉपला दुरुस्तीचे काम देणारा होता. तिसऱ्यावर वर छापील मजकूर, खाली माझ्या सहीची जागा आणि तारखेची जागा कोरी असा प्रकार होता; ‘ही नुसती औपचारिकता’ असे तो म्हणाला. काम समाधानकारक झाले असून क्लेमची रक्कम परस्पर वर्कशॉपला द्यावी, असे ते संमतिपत्र होते. जे काम सुरूही झालेले नव्हते त्याबद्दल समाधान व्यक्त करून मी मोकळा झालो. तिन्हींपैकी एकाचीही प्रत माझ्याकडे नव्हती. दुरुस्तीसाठी आगाऊ रक्कम त्याने त्याच दिवशी घेतली आणि क्लेम मंजूर झाल्यावर त्याचा चौथा हिस्सा आपला, असेही तोंडी ठरवून घेतले.

तिसऱ्या दिवशी क्रेनने उचलून इंजिन वर्कशॉपमध्ये नेण्यात आले. खरे सर्व्हेअर चौथ्या दिवशी आले, तेव्हा बोटीत इंजिनाच्या जागी चार बोल्ट आणि तेलाचा डाग होता. वर्कशॉपमध्ये गेलो तर हेड उतरवलेले, सुटे भाग दोन ट्रेमध्ये पसरलेले, आणि त्यांतले कोणते माझे हे मलाही सांगता येईना. सर्व्हेअर शांत स्वभावाचे गृहस्थ होते. ‘‘हे खोलायला कोणी सांगितले?’’ एवढेच त्यांनी विचारले. कागदोपत्री ते मीच सांगितलेले होते.

महिन्याभराने कंपनीकडून माझ्या नावाने स्पष्टीकरण मागणारे पत्र आले. सोबत माझ्या वतीने सादर झालेला अंदाजपत्रकाचा गठ्ठा होता, जो मी प्रथमच पाहत होतो. त्यात दोन वाकलेले कनेक्टिंग रॉड, निकामी क्रँकशाफ्ट आणि शेवटी संपूर्ण नवे इंजिन मागितलेले होते. पुरावा म्हणून वाकलेल्या रॉडचा फोटो जोडला होता. तो मी भिंगाखाली धरून पाहिला. रॉडच्या मागे ब्लॉकची बोटभर कड दिसत होती आणि ती हिरवी होती. माझे इंजिन राखाडी होते. त्याला रंगाचे दोन हात मी स्वतः, गुडघ्यावर बसून दिले होते. फोटो दुसऱ्याच कोणाच्या इंजिनाचा होता.

कंपनीचा प्रश्न मात्र रंगाबद्दल नव्हता. पाणी फिल्टरपर्यंत येण्याआधी इंजिन बंद केले, असे मी पहिल्या रात्रीच्या जबाबात सांगितले होते. मग रॉड वाकले कसे? एकतर जबाब खोटा होता, नाहीतर मागणी खोटी होती, आणि दोन्हींखाली माझे नाव होते.

एका वकिलांनी तेव्हा मला ‘डीसी मर्वस्टोन’ या मालवाहू जहाजाची हकिकत सांगितली. २०१० मध्ये त्या जहाजाच्या इंजिनाच्या खोलीत पाणी शिरून मुख्य इंजिन निकामी झाले. दावा मुळात खरा होता, पण तो लवकर मंजूर व्हावा म्हणून मालकांच्या बाजूने बिल्ज अलार्मबद्दल (तळाशी पाणी साचल्याचा इशारा देणाऱ्या यंत्राबद्दल) एक खोटी गोष्ट सांगितली गेली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी तेवढ्यावरून सगळा दावा फेटाळला आणि शेवटी २०१६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, कारण त्या खोट्याने देय रकमेत काहीच फरक पडत नव्हता. मी जरा सुखावलो. पण वकिलांनी लगेच जमिनीवर आणले: नुकसानच फुगवून सांगितले असेल, तर ही सवलत मिळत नाही आणि खऱ्या नुकसानीचे पैसेही हातचे जातात. वाकलेला रॉड दाखवून नवे इंजिन मागणे हे दुसऱ्या प्रकारात मोडत होते.

म्हणून त्याच दिवशी मी कंपनीला स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिले. दिलेला अधिकार रद्द केला, हिरव्या ब्लॉकचा फोटो माझ्या इंजिनाचा नाही हे कळवले, रॉड आणि क्रँकशाफ्टची मागणी मागे घेतली, आणि सल्ल्यावरून इंजिन तीन दिवस न धुता ठेवले हेही कबूल केले. शेवटचे वाक्य लिहिताना हात अडखळला, कारण त्याने माझी रक्कम कमी होणार हे दिसत होते. पोलिसांतही तक्रार दिली. त्या माणसाचा फोन तोवर बंद झाला होता. वर्कशॉपने ‘आम्हाला लेखी काम मिळाले होते’ असे म्हणून जागेच्या भाड्याचे बिल पुढे केले. ते भरून इंजिन सोडवले, तेव्हा फ्युएल पंप आणि अल्टरनेटर त्यावर नव्हते. जुने भाग ‘भंगारात गेले’ असे उत्तर मिळाले. दुरुस्तीत बदललेला प्रत्येक जुना भाग मालकाला किंवा सर्व्हेअरला परत द्यावा, ही अट कामाच्या कागदावर आधीच लिहून घ्यायची असते, हे मला भंगारवाल्याच्या दारात कळले.

उरला प्रश्न कारणाचा, आणि इंजिनाच्या क्लेममध्ये तोच सर्वांत चिवट असतो. यंत्र आपोआप बिघडले तर ते झीज किंवा यांत्रिक बिघाड या सदरात जाते आणि पॉलिसी बहुधा हात वर करते. हे भांडण फार जुने आहे. १८८४ मध्ये ‘इंचमारी’ या आगबोटीचा पाण्याचा पंप, एक व्हॉल्व्ह बंद राहिल्यामुळे फुटला, आणि १८८७ मध्ये ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले, की ही समुद्राची आपत्ती नव्हे, असा पंप जमिनीवरही फुटू शकला असता. त्या निकालानंतर जहाजमालकांच्या आग्रहाने पॉलिसीत अशा नुकसानीलाही संरक्षण देणारे एक खास कलम घालण्याची पद्धत पडली, जे आजही त्या बोटीच्या नावाने ओळखले जाते. माझ्या पॉलिसीत तसे कलम नव्हते. त्या माणसाने क्लेमच्या अर्जात मात्र कारण म्हणून ‘थंड पाण्याच्या व्यवस्थेतील बिघाड’ असे लिहून ठेवले होते. ओंडक्याचा उल्लेखही नव्हता. मुद्दाम लिहिले की आळसाने, कोण जाणे. पण त्या तीन-चार शब्दांनी अपघाताचा बिघाड केला होता.

सर्व्हेअर दुसऱ्यांदा आले ते या मुद्द्यासाठी. तुटलेला सी-कॉक कुठे आहे, असे त्यांनी विचारले. पहिल्या सकाळी त्या जाकीटवाल्याने तो पायाने बाजूला सारला होता आणि नंतर मी तो, का कोण जाणे, उचलून रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकला होता. सर्व्हेअरांनी तुटलेली कड कापडाने पुसली आणि उजेडाकडे धरली. जस्त झिजून गेलेला जुना पितळी भाग तुटतो तेव्हा आतला धातू गुलाबीसर आणि ठिसूळ दिसतो. इथे कड सर्वत्र सारख्या रंगाची, ताज्या तुटीची होती आणि बाहेरच्या बाजूला आघाताचा चेपलेला व्रण होता. तळावर ओंडक्याचा ओरखडा त्याच रेषेत होता. त्यांनी दोन्हींचे मोजमाप घेतले.

अपघाताचे कारण मान्य झाले. पाणी शिरल्याने झालेले नुकसान, घसारा आणि माझ्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा जाता, मंजूर झाले. तीन दिवसांच्या गंजाचा भाग सर्व्हेअरांनी वेगळा काढून नामंजूर केला, आणि त्यावर मी वाद घातला नाही. आगाऊ दिलेली रक्कम आणि हरवलेले भाग यांचा पत्ता आजपर्यंत लागलेला नाही. तो सी-कॉक सर्व्हेअरांनी पाकिटात घालून, वर माझी सही घेऊन सोबत नेला. सही करण्याआधी मी पाकिटावरचा सगळा मजकूर दोनदा वाचला, आणि त्याचा फोटो काढून घेतला.