ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या: सांगलीतल्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीत शंभर पुड्यांचं पहिलं पाकीट मागवलं, आता ऑक्टोबर संपत आला. कारळ्याची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग, चारही मालात या पुड्या घालून पाहिल्या. विश्रामबागेत घरूनच माझा व्यवसाय आहे आणि निम्मा माल कुरिअरने पुण्या-बेंगळुरूला जातो. सगळ्यात आधी एक सांगते, कारण माझे दोन महिने त्यातच गेले: ही पुडी ओल शोषत नाही. उलट तिला काम करायलाच ओल लागते.

आत असते लोखंडाची अगदी बारीक पूड, थोडं मीठ आणि ओल धरून ठेवणारा एखादा सच्छिद्र पदार्थ. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. पाऊचमधला ऑक्सिजन असा संपला की चटणीतलं तेल खवट होत नाही. पण कोरड्या हवेत लोखंड गंजत नाही म्हटलं तरी चालेल. कणावर पाण्याचा पातळसा थर बसला आणि त्यात मीठ विरघळलं की मग गंज भराभर चढतो. शिवाय पूड जितकी बारीक तितकी हवेला लागणारी बाजू जास्त. १ मिलिमीटरच्या चौकोनी तुकड्याचे ०.१ मिलिमीटरचे तुकडे केले तर ते हजार होतात आणि उघडी बाजू दहापट होते. खिळा गंजायला दिवस लागतात, ही पूड एका रात्रीत गंजते ती यामुळेच. जपानमध्ये मित्सुबिशी गॅस केमिकलने १९७७ साली अशी पुडी 'एजलेस' नावाने बाजारात आणली, म्हणजे प्रकार काही नवा नाही.

माझी चूक अशी झाली की मार्च-एप्रिलमध्ये मी प्रत्येक पाऊचमध्ये ही पुडी आणि ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी, दोन्ही घालत होते. वाटलं, दुहेरी बंदोबस्त. मे महिन्यात दोन ताईंचे फोन आले, जवसाच्या चटणीला तेलकट वास येतोय. मी पुड्या विकणाऱ्याला दोष देऊन मोकळी झाले होते. वालचंदला शिकणारा भाचा घरी आला होता, त्याने पाऊच उघडून बघितला आणि म्हणाला, "अगं मावशी, सिलिका जेल हिच्यातलं पाणीच पिऊन टाकतंय. मग ही गंजणार कशी?"

मला ते पटेना. म्हणून एक पुडी कापून पूड दोन बरण्यांत अर्धी-अर्धी घातली. एकीत सिलिका जेलच्या चार पुड्या टाकल्या, दुसरीत कापसाचा ओला बोळा ठेवला आणि झाकणं घट्ट लावली. सकाळी कोरड्या बरणीतली पूड कडेचा जरासा तांबूसपणा सोडला तर काळीच होती, चमच्याने सहज मोकळी होत होती. ओल्या बरणीतली विटकरी झाली होती, खडे धरले होते. त्या दिवसापासून दोन्ही पुड्या एकत्र घालणं बंद केलं आणि त्यानंतर खवटपणाची एकही तक्रार नाही.

भडंगासाठी मात्र या पुड्या घेऊ नका, हे मनापासून सांगते. एक तर भडंग बिघडतं ते आधी सादळून, खवट होऊन नंतर. आणि सादळण्यावर या पुडीचा काही उपयोग नाही. दुसरं म्हणजे चुरमुऱ्यांत हवाच फार. पाव किलोच्या पाऊचमध्ये दीड-दोन लिटर तरी हवा असते, तिच्यातला २१ टक्के ऑक्सिजन म्हणजे साडेतीनशे-चारशे सीसी. १ ग्रॅम लोखंड फार तर ३०० सीसी खातं. तरी मी मोठी पुडी घालून पाहिली. ऑक्सिजन गेला तसा पाऊच एक पंचमांश आवळला आणि चुरमुरे दबले. भडंगाला सिलिका जेलच बरं.

पावसाळ्यात हात चटचट चालवावा लागतो. पाकीट फोडून मूठभर पुड्या हातात धरल्या तर पाचेक मिनिटांत कोमट लागतात, म्हणजे गंजणं सुरू झालेलं असतं. मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुलैत कृष्णाकाठची हवा कशी असते ते सांगलीकरांना सांगायला नको. एप्रिलमध्ये अर्धा तास बाहेर राहिलेल्या पुड्या चालून गेल्या. जुलैत मी आधी पाऊच भरून ठेवते, मग पाकीट फोडते, पंधरा-पंधराच काढते. उरलेल्या लहान काचेच्या बरणीत गच्च भरते, वर हवेला जागाच ठेवत नाही. ताजी पुडी बोटांना वाळूसारखी लागते, संपलेली कौलाच्या तुकड्यासारखी कडक. कडक पुडी वापरू नका.

पाऊच आतून फॉइलचाच हवा, साध्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत येत राहतो. आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, ठेचा, तेलातला लसूण असल्या मालात ही पुडी चुकूनही घालू नये. ऑक्सिजन नसलेल्या ओल्या जागेत बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात, ते जिवावर बेततं आणि वासावरून कळेलच असं नाही. कोरडी, नीट भाजलेली चटणीच.

३० मेला भरलेला कारळ्याच्या चटणीचा २०० ग्रॅमचा एक पाऊच मी मुद्दाम फडताळात मागे ठेवला होता, १०० सीसीची, म्हणजे तेवढा ऑक्सिजन शोषणारी, एकच पुडी घालून. परवा कापला. पाऊच चटणीला चिकटून बसला होता, पुडी दगडासारखी झाली होती, आणि वास आला तो कढईतून आत्ता काढलेल्या कारळ्यांचा. दिवाळीसाठी आणखी चारशे पुड्या मागवल्यात, सगळ्या १०० सीसीच्याच.